बाठाशेठ कोण होता

कमलबाईंच्या कमरेला अजूनही किल्ल्यांचा जुडगा असतो. धुळ्यात देवपुराच्या एका गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, त्याला कुलूप एक. जुडग्यात किल्ल्या मात्र चौदा. एक मोडीत गेलेल्या लोखंडी पेटीची, एक चोरीला गेलेल्या सायकलच्या कुलपाची, दोन-तीन कशाच्या ते त्यांनाही आठवत नाही. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत शिपायाचं काम केलं. निवृत्त झाल्या त्या दिवशी एकोणीस किल्ल्या परत केल्या आणि ती लोखंडी कडी तेवढी मागून घेतली. आठ दिवस रिकामी कडी कमरेला लावून पाहिली. चालताना काहीच वाजेना. मग घरातल्या, शेजारच्या, रस्त्यात सापडलेल्या किल्ल्या एकेक करून तिच्यात अडकवल्या, तेव्हा कुठे पाय सरळ पडायला लागले.

कमलबाईंची दुसरी ओळख म्हणजे आवाज. फोनवर बोलल्या की समोरचा हमखास "हां काका, बोला" म्हणतो. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या माहेरी श्रावणात कानबाई देवीची गाणी व्हायची, तेव्हा बायका या पोरीला सगळ्यांत मागे उभं करत. ती पुढे आली की बाकीच्यांचं तोंड नुसतंच हलताना दिसायचं.

आणि या कमलबाईंना पन्नास वर्षांपासून एक प्रश्न पडलेला होता. बाठाशेठ कोण होता? त्याचं गाव कोणतं, त्याचा धंदा काय, आणि त्याने त्यांचा आवाज नेला कसा?

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा लोटन नावाचा एक तरुण अहिराणीत गाणी जुळवायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या धनसिंगने कुठून तरी एक जुनी गिटार आणली होती आणि तिच्या पोटात काहीबाही बसवून ती विजेवर चालती केली होती. सुकदेवचा ढोल होता. तिघांनी नाव घेतलं पांझरा पार्टी. नदीचं नाव घेतलं, पण नदीकाठीसुद्धा त्यांना कोणी वाजवू देईना. ढोल लोकांना चालायचा, गिटार चालायची नाही. "तारेवर मांजर पडलंय का?" असं विचारायला लोक घरातून बाहेर यायचे.

कमलबाई त्याच गल्लीतल्या. नवरा एसटीत वाहक, तो आठवड्यातले चार दिवस बाहेर. शाळेत नोकरी लागून त्यांना दीडच वर्ष झालं होतं. शाळेची सात नंबरची खोली सगळ्यांत मागे होती, तिच्यापलीकडे नुसतं कपाशीचं शेत. रविवारी तिथे चिटपाखरू नसायचं. एकदा लोटन पार काकुळतीला आला तेव्हा कमलबाईंनी ती खोली उघडून दिली. हेडमास्तरांना न विचारता. अटी दोन घातल्या. बाकं होती तशी लावून जायचं. आणि "मनं नाव कोठेच निंघाले नको." तिघांनी पांझरेची शपथ घेतली.

ते आत वाजवायचे आणि कमलबाई जुडगा हातात घेऊन दारात उभ्या राहायच्या. एक डोळा फाटकाकडे, कान आत. उभ्या उभ्या हात आपोआप हलायचा आणि ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये जुडगा वाजायचा, छन्. असे तीन-चार रविवार गेले. लोटनचं नवं गाणं होतं, 'पांझराना पानीमा चांद पडना'. मुख्य गाणाऱ्याने ओळ सोडली की मागच्यांनी ती उचलून धरायची, तिला झील म्हणतात. धनसिंग आणि सुकदेव झील धरायचे ती अशी, की गाणं तिथे येऊन बसकण मारायचं. त्या दिवशी लोटनने ओळ सोडली आणि दारातून आवाज आला, "कोन काढी त्याले, कोन काढी?"

धनसिंगची गिटार थांबली. मागे वळून तो म्हणाला, "हाई मोटार कोठे सुरू झायी?"

तेव्हापासून झील कमलबाईंची.

जळगावला दलिचंदशेठ म्हणून एक होते, त्यांचं रेडिओ आणि ग्रामोफोनचं दुकान. धनसिंग त्यांच्याकडे सुटे भाग आणायला जायचा. त्याने गाण्याची गोष्ट सांगितली, तशी शेठजी फिती फिरणारं रेकॉर्डिंगचं यंत्र मांडीवर घेऊन एसटीने धुळ्याला आले. यंत्राला माइक एकच. तो मधल्या बाकावर ठेवला. पहिल्या फेरीत फितीवर नुसत्या कमलबाईच ऐकू आल्या. शेठजी म्हणाले, "बाई, एक पाऊल मागे." मग आणखी एक. मग आणखी दोन. असं करता करता कमलबाई जिथून निघाल्या होत्या तिथेच पोचल्या, दारात. तिथून त्यांचा आवाज गाण्याच्या मापात बसला. जुडगाही वाजत होता. शेठजींनी तो ठेवून द्यायची खूण केली, पण लोटन म्हणाला, "वाजू द्या शेठ, झांजनं काम करस."

दोन वर्षांत अशा सहा छोट्या रेकॉर्डी निघाल्या, बारा गाणी. मुंबईच्या एका लहानशा कंपनीने त्या छापल्या. कानबाईच्या मांडवात वाजल्या, लग्नात वाजल्या, दोनदा आकाशवाणीवर लागल्या. पुढे धनसिंग सुरतेला निघून गेला आणि पार्टी मोडली.

कमलबाईंच्या मुलाचं नाव नवल. तो आठ वर्षांचा असताना शेजारच्या रेडिओवर ते चांदाचं गाणं लागलं आणि कमलबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हाई मी शे." ही मी आहे. आठ वर्षांच्या पोराच्या पोटात असली गोष्ट राहते थोडीच. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं. प्रेमराज नावाच्या मुलाकडे ग्रामोफोन होता. तो रेकॉर्डच घेऊन आला आणि मधल्या कागदावर छापलेलं त्याने मोठ्याने वाचलं, 'गायक: लोटन आणि पार्टी. साथ: बाठाशेठ.'

बाठा म्हणजे आंब्याची चोखून टाकलेली कोय. वर्गाला आणखी काय हवं? "बाठाशेठना पोऱ्या उना! बाठाशेठना पोऱ्या उना!" नवल रडत घरी आला. दप्तर टाकलं आणि म्हणाला, "माय, तू लबाड बोलस."

कमलबाई उठून उभ्या राहिल्या आणि तशाच खाली बसल्या. शाळेत जाऊन सांगायचं, तर कुठे गायलात हे आधी सांगावं लागणार. खोली कोणी उघडली, किल्ली कोणाची, सगळं निघणार. खरं बोलावं तर नोकरी जाते, न बोलावं तर पोराच्या नजरेतून उतरायचं. त्यांनी नोकरी ठेवली. त्या नोकरीवर नवल शिकला, भुसावळला रेल्वेत लागला, त्याचं घर झालं. पोरगा गुणी. रोज संध्याकाळी फोन करतो, दर महिन्याला भेटायला येतो. पण कुठे ते गाणं लागलं की आजही उठून बाहेर जातो. आईचं एक खोटं त्याने पोटात घातलं होतं, माफ केलं होतं. कमलबाईंना तेच टोचायचं. जे केलंच नाही त्याची माफी घेऊन जगायचं. लोटनला एकदोनदा विचारलं, तर तो टायरात तोंड घालून पंक्चर शोधायला लागायचा. पोराकडे त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. कानबाईच्या दिवशी त्या नैवेद्याचे रोट लाटायला बसायच्या. गायला उभ्या राहिल्या नाहीत.

गेल्या फेब्रुवारीत दुपारी एक तिशीची मुलगी दारात आली. जीन्स, पाठीला पिशवी, कपाळावर घाम.

"कमल मावशी तुम्हीच का? शाळेत सांगितलं, जुन्या इमारतीची माहिती तुम्हालाच. मी चेलना. जळगावहून आले. सात नंबरची खोली कुठे होती हो?"

कमलबाईंचा हात जुडग्यावर गेला. "काब्र व? सात नंबरनं काय काम?"

चेलना दलिचंदशेठांची नात निघाली. दुकानात आता फ्रिज आणि टीव्ही विकतात. दिवाळीत माळा साफ करताना तिला फितींचा डबा आणि सहाच्या सहा रेकॉर्डी सापडल्या. त्या बारा गाण्यांची मिळून एक मोठी रेकॉर्ड ती काढत होती. लोटन आबांना भेटून आली होती, पण आबांना ऐकू कमी येतं आणि बोलायचं नसलं की ते आणखी कमी येतं. खोली शाळेची होती, सात नंबरची, एवढंच त्यांनी सांगितलं.

"याला आता फोक रॉक म्हणतात, मावशी. पुण्याची मुलं वेडी झालीत ऐकून."

"आमनाकडे त्याले धिंगाना म्हनतस," कमलबाई म्हणाल्या. "बठ. पानी पी."

"स्टुडिओवाला म्हणतो, मागे काहीतरी खुळखुळतंय, ते साफ करून टाकू. आणि एक आवाज घुमतोय, तोही दाबू. मी म्हटलं, थांब. ते काय आहे ते कळल्याशिवाय मी पुसू देणार नाही." तिने फोन खाटेवर ठेवला आणि गाणं लावलं.

ढोल आला, गिटार आली, तरुण लोटन आला. पांझराना पानीमा चांद पडना. कमलबाई ओट्याकडे तोंड करून गाळणी धूत होत्या. पन्नास वर्षांत त्यांनी ते गाणं शेजारघरातूनच ऐकलं होतं, भिंतीपलीकडून. स्वतःच्या घरात पहिल्यांदा वाजत होतं. त्यांचं लक्ष नव्हतं तेवढ्यात हात कमरेला गेला आणि ठोक्यांच्या मध्ये जुडगा वाजला. छन्. फोनमधलाही वाजला. दोघांचा मिळून एकच आवाज झाला.

चेलनाने गाणं बंद केलं. जुडगा आणखी एकदा वाजला, एकटाच.

चेलनाची नजर त्यांच्या कमरेच्या जुडग्यावर गेली.

"मावशी," चेलना हळूच म्हणाली, "आजोबांना गिऱ्हाइकं विचारायची, शेठ, हे बाठाशेठ कोण? तुम्हीच का? आजोबा हसायचे आणि म्हणायचे, दारात उभा असतो तो. मरेपर्यंत याच्या पुढे एक शब्द बोलले नाहीत. तुम्ही कुठे उभ्या असायच्या हो?"

कमलबाईंनी गाळणी उपडी ठेवली. पदराला हात पुसले. "आधी माले सांग. तो बाठाशेठ कोन शे?"

"अहो, तेच विचारायला मी आले!"

यावर कमलबाईंना असं हसू आलं की शेजारच्या बाईने खिडकीतून डोकावून पाहिलं, कोण पाहुणा आलाय ते.

मग चेलनाने त्यांच्या कानांत इयरफोनची दोन बोंडं बसवली. कमलबाईंनी आधी डावं काढून पाहिलं, मग उजवं.

"दोन्हीमा सारखंच?"

"मोनो आहे ना. माइक एकच होता. त्यामुळे डावीकडचं, उजवीकडचं असं काही नसतं. जवळचं आणि लांबचं, एवढंच."

कमलबाईंनी डोळे मिटले. लोटन अगदी कानाशी होता, धनसिंग त्याच्या मागे. सगळ्यांच्या मागे, बाकांच्या पलीकडे, दगडी व्हरांड्यात घुमणारी एक बाई होती. ती किती पावलं लांब आहे, हे त्यांना नेमकं कळलं. ती पावलं त्या स्वतः मागे गेल्या होत्या.

"सोमवारी कव्हर छापायला जाईल," चेलना म्हणाली. "तुमचं नाव घालू?"

"नवल काय म्हणेल..." असं म्हणून कमलबाई थांबल्या. मग सगळं सांगितलं. शाळा, प्रेमराज, लबाड. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मी त्याले परत सांगाव नही. एकदा सांगी बसनू. आता दुसऱ्याने सांगायचं, आणि त्याच्यासमोर. तरच छाप. नाहीतर तुझा तो शेठच राहू दे."

रविवारी नवल भुसावळहून आला. त्याला एवढंच सांगितलं होतं की लोटन आबांना भेटायला जायचंय. सत्तावन्न वर्षांचा माणूस, तीन वर्षांनी निवृत्त होणार. चेलनाला आणि तिच्या हातातल्या रेकॉर्डला पाहिल्यावर त्याचा चेहरा बंद झाला. पण आईला रिक्षात चढताना हात दिला आणि स्वतः पुढे बसला.

आबा साक्री रोडला मुलाकडे राहतात. वय एक्क्याऐंशी. कमलबाईंना बघताच त्यांनी आरामखुर्चीतून उठायची धडपड केली. "कमल अक्का! मी वाटच दखी राहिंतू. हाई पोरगी उनी तवपासून."

कमलबाई बसल्याच नाहीत. दाराच्या चौकटीशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "आबा, पन्नास वरीस झायात. आज सांगा. बाठाशेठ कोन शे?"

आबांना पहिल्या खेपेलाच ऐकू गेलं. त्यांनी नवलकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"कोणी नही," ते म्हणाले. "पोस्टात ट्रंककॉल उना व्हता मुंबईना. कागद छापायचा होता. लाइनमध्ये असा खरखराट, जसं कोणी ज्वारी पाखडतंय. पलीकडचा माणूस विचारतो, पीछे कौन गाता है? नाम बोलो. आता नाव कसं सांगू? तुनी मायनी शपथ घालेल व्हती. शाळेची सात नंबरची खोली तिने आम्हाला चोरून उघडून दिलेली, तिची नोकरी जाती. आणि दुसऱ्याचं नाव सांगायला जीभ रेटेना. मग मी वरडनू, बठ्ठा शेतस! आम्ही बठ्ठा शेतस!"

"सगळे आहोत," चेलना पुटपुटली. "बठ्ठा म्हणजे सगळे. शेतस..." आणि तिने तोंडावर हात ठेवला. "बठ्ठा शेतस. बाठाशेठ!"

"तो म्हने, अच्छा, बाठासेठ. आणि फोन ठेवी दिधा. रेकॉर्ड उनी तवय माले समजनं. दलिचंदशेठ पोट धरीसन हासनात. पुढल्या पाची रेकॉर्डींना मुंबईवाल्यांनी तेच नाव उतरवलं. मी शरमेनं गप्प बसनू. अक्काला काय सांगू? तुझं नाव लपवायला गेलो आणि एक शेठ पैदा झाला?"

कोणी हसलं नाही, कारण नवल हसला नव्हता. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. मग म्हणाला, "आणि ती सात नंबरची खोली? तिथे मी सातवीत बसायचो."

"तीच," कमलबाई दारातूनच म्हणाल्या.

"तेव्हा तरी सांगायचं, माय. मी मोठा झाल्यावर."

"तू बाहेर उठी जायेस ना, गाणं लागल्यावर."

नवलने चेलनाकडे हात पुढे केला. तिने बोंडं दिली. त्याने पूर्ण गाणं ऐकलं, मान खाली घालून, मग पुन्हा ऐकलं. दुसऱ्या खेपेला त्याची नजर आईच्या कमरेकडे गेली. बोंडं काढून म्हणाला, "वाजव बरं."

कमलबाईंनी जुडगा हलवला.

"असा नाही. त्याच्यासारखा."

"त्याला गाणं लागतं, बाबा. नुसता कसा वाजेल?"

तेव्हा आबांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. आवाज पार झिजलेला, चांद पाण्यात पडायच्या आधीच दम लागला. पण ओळ त्यांनी सोडली. आणि दारातून, चौकटीला टेकून, कमलबाईंनी ती उचलली. कोन काढी त्याले, कोन काढी? ठोक्यांच्या मध्ये छन्. एवढ्या वर्षांनी काढलेला आवाज सुरुवातीला खरबरीत आला, दुसऱ्या खेपेला मोकळा झाला, आणि तिसऱ्या खेपेला खिडकीची काच किंचित थरथरली.

आतून आबांची सून ट्रे घेऊन आली आणि गोंधळून सगळ्यांकडे पाहायला लागली. "आबा, आणखी कोण काका आलेत? मी चारच कप आणले."

नवल हसला. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काका दारात उभे आहेत, वहिनी," तो म्हणाला. "त्यांना माझा कप द्या."

चहा झाल्यावर चेलनाने पुण्याला फोन करून सांगितलं, काहीही साफ करू नका, खुळखुळ आणि घुमणं दोन्ही जसंच्या तसं राहू द्या, आणि दोन कानांत वाटणी तर अजिबात नको. मग कव्हरचा कागद काढला. "बाठाशेठ खोडते आणि कमलबाई लिहिते."

"खोडू नको," कमलबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे त्याले. इतला वरीस मनी जागा सांभाळी त्यानी. त्याच्याखाली लिही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "म्हणजे कमलबाई, दारातून."

चेलनाने तसंच लिहिलं. नवलने ते वाचलं, कागद परत दिला आणि चपला घालायला बाहेर गेला. पायरीवर बसून त्याने फोन काढला. एक नंबर बराच वेळ शोधला. प्रेमराजचं आता धुळ्यातच कापडाचं दुकान होतं. दोघांचं बोलणं लग्नाच्या पत्रिकांपुरतं उरलं होतं.

"हॅलो, प्रेमराज? ओळखलंस का? ... नाही, रेल्वेतला नवल नाही." त्याने मागे वळून पाहिलं. कमलबाई दारात उभ्या होत्या, जुडग्यावर हात ठेवून.

"बाठाशेठना पोऱ्या बोली राहिनू," तो म्हणाला.